काटकोनी मुंडकं

ओट्याखालच्या कोपऱ्यात माणूस मावतो,
पण अर्धाच.
कमरेखालचा बिरादारबाईंच्या स्वयंपाकघरात राहतो,
वरचा सनमायक्याच्या अंधारात,
कानाला सिंकचा गार पाइप.

त्याआधी बाईंनी सगळं बाहेर काढून दिलं:
करडीच्या तेलाचा डबा, कुकर, रद्दी,
भरलेल्या तीन कळशा.
"त्या तेवढ्या सांडू नका, नळाला अजून पाच दिवस आहेत,"
म्हणाल्या, आणि गेल्या बाहेरच्या खोलीत
वह्या तपासायला.

बिजागरी निखळलेली, दार एका अंगानं ओघळलेलं.
भिंत आणि फळी यांच्यात जागा किती?
वीत घातली, अंगठा बाहेरच राहिला.
ड्रिल तर दीड वितीचं.
अशा जागी नुसतं ड्रिल म्हणजे
दारात अडकलेली बाज:
उभी करा, आडवी करा, अख्ख्या उदगिरात फिरवून आणा,
एक पाय कुठंतरी लागणारच.

त्यासाठी औंदा हे आणलं, हैदराबादेतनं,
साडेसहाशेला.
काटकोनी मुंडकं.
चकात आवळायचं. ड्रिल राहतं बाहेर, भिंतीला लागून, निवांत,
आणि फिरणं तेवढं कोपऱ्यावरून वळून
आत जातं.
कसं जातं, म्हणून पहिल्याच रात्री उघडून बघितलं मी.
बायको म्हणाली, मोडून ठेवशाल.
आत दोन दातेरी चाकं, एक उभं, एक आडवं,
ग्रीसमध्ये बुडालेली, दातात दात.
बस, एवढंच.
परत बसवताना एक वायसर उरला.
तो अजून माझ्या खिशात आहे
आणि मुंडकं चालतंय.

अजीमनं मोबाइलची बत्ती धरली.
"जरा खाली. अरे, माझ्या डोळ्यात नको."
आणि तिथं दिसले दोघं.

जुने स्क्रू. थोडे तिरके.
डोक्यावरची फुली चारही बाजूंनी धारदार,
बिट कधी शिवलंच नव्हतं तिला.
कडेला मात्र एक चपटा, चकाकता डाग.
हातोडीचा.

सात वर्षांमागचा मार्च.
तेव्हा हे मुंडकं नव्हतं,
लाइट गेलेली, जळकोटचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं.
एकेकाला तीन ठोके. बसले.
पैसे घेतले, मोजले, निघालो.

ठोकलेल्या स्क्रूला आटे असतात,
लाकडाला नसतात.
बोटानंच ओढले, तर खिळ्यासारखे आले.

भोकात आगकाड्या भरल्या, फेव्हिकॉल लावून.
चहा झाला तोवर.
मग नवा स्क्रू बिटाच्या चुंबकाला चिकटवला,
मुंडकं आत सरकवलं,
डावा हात कसाबसा मागून नेऊन दोन बोटं टेकवली,
कारण फिरणं वळतं,
जोर वळत नाही.
जोर आपणच द्यायचा,
जेवढा दोन बोटांत असेल तेवढा.
हळू. अजून हळू.
आधी पोकळ घर्र घर्र,
मग आवाज जाड झाला, कुरकुरला,
आणि धरलं.

किती झाले, बाईंनी विचारलं.
म्हटलं, राहू द्या.
मागल्या वेळी ते दोन जरा... घाईत...
"ठोकले होते," बाई म्हणाल्या,
लाल पेनाचं टोपण लावत.
"ऐकलं होतं मी. स्क्रूचा आवाज ठक ठक येत नसतो.
शाळेत कार्यानुभव माझ्याकडंच आहे."
मग बोलला कामून न्हाईत?
"म्हटलं बघू, किती टिकतंय.
सात वर्षं टिकलं की."
आणि दोनशेची नोट कळशीखाली ठेवली,
उडू नये म्हणून.

मी पिशवी आवरत होतो. मुंडकं अजून कोमट.
अजीमनं ते दोन जुने स्क्रू तळहातावर घोळवले,
उजेडात धरले,
फुलीत नख घालून बघितलं.
"मामू, ये तो कोरेच हैं.
डब्यात टाकू?"