पट्टा

साकोलीहून बारा खुर्च्या आणल्या, अकरा भरल्या.
बाराव्या खुर्चीवर दोन देशांचे झेंडे,
दोरी येईस्तोवर.
मी खैरीटोला ग्रामपंचायतीचा शिपाई.
परराष्ट्र धोरणात माझा वाटा एवढाच:
दोरी, टाचण्या, बिनसाखरेचा चहा दोन कप.

त्यांच्या झेंड्यावर जाळ होता, चंद्र होता,
आणि एकमेकांच्या शेपटीशी तोंड केलेले दोन मासे.
ढिवरांच्या बाया उठून जवळ आल्या.
"कोनते हायेत हे? मरळ का बोटरी?"
दुभाष्याने विचारून सांगितलं,
मासे डोळे मिटत नाहीत,
म्हणून देशाची राखण त्यांच्याकडे.
इमलाबाई म्हणाली, "मंग बराबर हाये."
कराराचं वाचन त्यानंतर सुरू झालं.

मंगोलियाच्या बाईंचं नाव बोलोरमा, द्वितीय सचिव.
आमच्या कानांना ऐकू आलं: बोल, रमा.
आणि रमा बोलली.
माणसं थोडी, घोडे फार, समुद्र नाहीच.
कुठे कुठे मतपेटी उंटावरून जाते.
सरपंच म्हणाले, "आमची डोंग्यातून गेली होती एकदा,
पुराच्या साली."
दोन्ही बाजू हसल्या.
मसुद्यात हे कुठेच नव्हतं.

मग फोटो फिरला. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या,
गळ्यात हिरवा पट्टा, एफ बावन्न.
त्यांच्या तळ्याकाठी अंड्यातून निघालेलं,
हिमालयावरून येऊन
कोहळ्यांनी बांधलेल्या आमच्या तलावात
चार हिवाळे काढून गेलेलं.
"यंदा दिसलं नाही. कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी तिमाजी मांढरेकडे पाहिलं.
तिमाजीने चपलेकडे.
मग तो उठून घरी गेला.
वनपाल घड्याळ बघत राहिले.

तो आला तो शेळी घेऊन.
शेळीच्या गळ्यात तो हिरवा पट्टा,
एफ, पाच, दोन.

"तारेले लागलं जी. पाळीवरच्या लाइनीले, माघात.
तीन दिस घरी ठेवलं, धान चारलं. जगलं नाही."
आणि कुणी विचारलं नसताना,
"सोसायटीचे लोक बारा वर्सं झाले,
तलावाच्या पट्ट्यासाठी तहसिलात चकरा मारून राहिलो.
पाखराले भेटला होता.
म्हटलं, घरात एक तरी पट्टा असू द्या."

दुभाषा अडला. तिकडे
गळ्यातला शब्द वेगळा, तलावाचा वेगळा.
दोन शब्द वापरले त्याने
आणि मधलं सगळं सांडलं.

पंधरा पानांत पाणथळ होतं, संवर्धन होतं,
'परस्पर' सात वेळा होतं.
तार नव्हती.
बाईंनी पेन काढलं. समासात
गळ सोडावा तशी एक ओळ
वरून खाली सोडली.
काय लिहिलं ते दुभाष्यालाही वाचता आलं नाही.

वनपालांनी पट्टा सोडवायला हात पुढे केला.
ती म्हणाली, राहू दे.
मग दूध मागितलं. त्याच शेळीचं,
चहाच्या धुतलेल्या कपात.
पाळीवर जाऊन तिने बोट बुडवलं,
उत्तरेकडे थेंब उडवले, पुन्हा बुडवलं.
निघालेल्याच्या मागे असं शिंपडतात, दुभाषा म्हणाला.
मी विचारलं, "अन मेलेल्याच्या?"
त्याने ते पुढे विचारलं नाही.

तारेवर आता लाल चेंडू लटकतात.
लाइनमन म्हणतो सोळा लागतात.
मंजूर चार झाले.
तलावाचा पट्टा अजून तहसिलात.
समासातल्या ओळीची झेरॉक्स आली पंचायतीत,
ती मी कपाटाला आतून चिकटवली,
आडवी की उभी, ठरवायला वेळ लागला.

चैत्र लागता लागता पाखरं उठली,
बाभळीवरून एक फेरा मारून वर, आणखी वर.
पाळीवर इमलाबाई उभी, हातात गडू.
"बाई, दुधाचा भाव मालूम हाये का?"
तिने मागे न बघता बोट बुडवलं.
"तू खुर्च्या मोज," म्हणाली.