अडसर

व्यवसायोपचार हा शब्द आईने एकदाच उच्चारला,
वेंगुर्ल्याच्या बाजारात, सुंगटांचा भाव करता करता.
पाटीवाली म्हणाली, म्हणजे नोकऱ्या लावून देता काय तुमचा मृणाली?
तेव्हापासून आई सांगते, डॉक्टरीचंच काहीतरी.

इंटर्नशिपमधले पंधरा दिवस मी गावाकडे मागून घेतले.
पिशवीत मोजपट्टी, पेन्सिल, वही.

सांतान फर्नांडिसच्या घराचा उंबरा साडेचार इंच.
न्हाणीचं दार सव्वीस, चाकाची खुर्ची पंचवीस,
म्हणजे जाते. मी बरोबरची खूण केली.
विहिरीपर्यंत सतरा पावलं, माझी.
त्याची आता कशात मोजायची
ते वहीत लिहायचं राहिलं.

पाडेली होता तो. तीस वर्षं माडावर.
कमरेखालचा सांतान अजून आगरातच पडून आहे
असं तो सांगतो, हसत,
आणि कार्मेलीन आत निघून जाते.

कॉलेजात शिकवलं होतं:
काय जमत नाही ते विचारू नका, काय करायचंय ते विचारा.
विचारलं.
"माका परत माडार चढवशीत?"

हे कुठल्याच वर्षाला नव्हतं.

मग कार्मेलीनने नारळांची रास ओतली पुढ्यात.
त्याने एकेक कानाशी धरला, टिचकी मारली,
बघितलंसुद्धा नाही.
ह्यो तयार. ह्यो तयार.
ह्यो अडसर, खोबरा धरूक नाय.
मी आधी मनगट बघत होते, अंगठा, पकड,
सवयीने.
मग नुसती ऐकत बसले.

रात्री ग्रुपवर सगळ्या.
ऋजुता टोरांटोच्या परीक्षेला बसतेय,
आफरीन पुण्यात, हातांच्या क्लिनिकमध्ये,
एक ठाण्याच्या शाळेत पोरांना पेन्सिल धरायला शिकवते,
एक रत्नागिरीला, मनोरुग्णांसोबत भाकऱ्या थापते.
तुझं काय?
मी लिहिलं, एका इंचाला बारा इंच उतार,
साडेचार इंचांच्या उंबऱ्याला साडेचार फूट जांभा,
गवंडी हसतोय.
कुणीतरी अंगठा पाठवला.

निघताना सांतानने माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर टिचकी मारली,
कान दिला.
"अडसर," म्हणाला.

मला राग आला. खरंच आला.
फाटकापर्यंत जाऊन परत फिरले,
न्हाणीच्या दारात त्याला खुर्ची ढकलायला लावली.
चौकटीला त्याच्या बोटांची सालं चिकटलेली, जुनी, काळी.
चाक फिरवणाऱ्या हातांची जागा
मी धरलीच नव्हती.