चार म्हणजे शून्य

दीपनगरचा मे. सावलीत शेहेचाळीस.
राखेच्या तळ्याकडून वारा आला
की दाताखालीही बारीक करकरतं.

हातमोज्यातून शिडी भाजते तशी भाजत
मी चिमणीच्या जाळीच्या फलाटावर पोचले.
खालून वॉकीटॉकीवर तायडे:
"ऑक्सिजन साडेतीन. एकदम ओके आहे, मॅडम."
आणि माझ्या डोक्यावरून
काळाकुट्ट धूर वरणगावच्या बाजूला चाललेला.

ॲनालायझरची एक तार सोडवली, मीटर मध्ये घातला.
सहा पॉइंट चोवीस मिलीअँपियर.

झांबरे अण्णांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
डब्यातली कळण्याची भाकरी मोडता मोडता:
"शून्य म्हंजे मेलेलं नसतं, माय.
शून्य चारावर बसून श्वास घेतं.
काहीच आलं नाही, तं समज तार तुटली.
'नाही' म्हननारा आन न बोलनारा,
दोघं येगळे."

तर चार वजा. उरले दोन पॉइंट चोवीस.
सोळानं भागले, जाळीवर उकिडवं बसून, खडूनं, पाइपवर.
पंचवीसच्या पट्टीवर साडेतीन.
दहाच्या पट्टीवर एक पॉइंट चार.
नवा ॲनालायझर दहाचा होता.
पॅनेल अजून जुन्याचंच, पंचवीसचं.

तार खोटं बोलली नव्हती.
तायडेही नाही.
पट्टी बदलायची नोंद वहीत होती,
मंगळवारची, माझ्याच अक्षरात,
पुढे टिक नाही.

"तायडे, हवा वाढवा. पॅनेलवर विश्वास ठेवू नका, मी येतेय."
"मग कोणावर ठेवू?"
यावर काय बोलणार.
मी धूर करडा होईपर्यंत वरच थांबले,
मग नुसती वाफेसारखी थरथर उरली
आणि तिच्यापलीकडे केळीचे हिरवे पट्टे, तापीपर्यंत.

संध्याकाळी भुसावळच्या दवाखान्यात अण्णांना बघायला गेले.
मुतखडा. चेहरा राखेच्या रंगाचा.
नवा डॉक्टर विचारत होता,
"आजोबा, दहापैकी किती दुखतंय?"
अण्णांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिलं.
"आधी हे सांगा," म्हणाले,
"तुमचं शून्य कुठून धरता?"

डॉक्टरनं कागदावर सहा लिहिलं.
मी हसले नाही.
खिशात खडूचा तुकडा राहिला होता, तोच बोटांनी चुरत बसले.