विनियोग प्रमाणपत्र

मंजूर रक्कम: रुपये बारा हजार फक्त.
एकोणनव्वदच्या बॅचनं ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून,
तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना,
'समाजसेवा प्रकल्प' या सदराखाली.
त्या 'फक्त'वर रेहान आठवडाभर हसत होता.

अंबाजोगाईहून काळीपिवळी,
येळंबवाडीच्या फाट्यापासून पायी,
चष्म्यांची खोकी डोक्यावर.
देवळाच्या ओट्यावर तक्ता टांगला:
वरती ठळक अक्षर, खाली खाली बारीक होत गेलेलं.
सोजरबाई म्हणाली, "माय, हे तर मला
डोळे धड होते तवाबी वाचता येत नव्हतं."

तक्ता गुंडाळून ठेवला.
कुणाच्या तरी पदराला टोचलेली सुई मागून घेतली,
म्हणालो, दोरा ओवून दाखवा.
कुणी दोरा ओठांत ओला केला,
कुणी सुई उन्हाकडं धरली,
कुणी नातवाला हाक मारली, तो शाळेत होता.
मी रकान्यात लिहीत गेले: ओवला नाही. ओवला नाही.
प्रयागबाईची गोधडी मागच्या पोळ्यापासून अर्धी,
टाके हळूहळू एका कडेला निघून गेलेले,
जनावरं घराकडं वळावीत तसे.

एकाला एकशे पाच. ऐंशी नग.
दीड, दोन, अडीच नंबर.
काडी कानामागं सरकवताना
पदर, अंबाडा, फुलं, सगळं सांभाळावं लागायचं.
सोजरबाईनं सुईकडं बघितलंच नाही.
मनगट धरून मला जवळ ओढलं,
"अगं, तू तर लेकरूच हायीस!
अन् मी डॉक्टरीन म्हणून भ्यायले होते."
मग हनुवटीवरच्या पुळीवर बोट ठेवून:
"हिला हळद लाव."

औसेकर मॅडम म्हणाल्या, परिणाम मोजता आला पाहिजे.
मी लिहिलं: दोरा ओवायला लागणारा वेळ.
आधी, नातू शाळेतून येईपर्यंत.
नंतर, अकरा सेकंद.
मॅडमनी पहिल्या ओळीखाली लाल रेघ मारली
आणि समासात विचारलं: एकक?

केवळाबाईनं मात्र चष्मा परत केला.
"माझी बोटं बघत्यात."
रात्री दिवा न लावता घातलेले तिचे टाके
आम्ही मोजपट्टी लावून तपासले.
एकही वाकडा नव्हता.
तिला कुठल्या रकान्यात घालायचं
ते अजून ठरलेलं नाही.

चष्मे आठ हजार चारशे, प्रवास सोळाशे चाळीस,
छपाई सहाशे, चहा चारशे ऐंशी,
सुया आणि दोऱ्याची रिळं चाळीस
(ही बाब अंदाजपत्रकात नव्हती, क्षमस्व).
शिल्लक आठशे चाळीस.
म्हणजे आठ चष्मे.
यादीत अजून अकरा बायका.
पण आज एकतीस मार्च, आणि नियम नऊ सांगतो:
अखर्चित रक्कम परत.

लेखा विभागातले धारूरकर
फॉर्म हातात घेऊन लांब धरतात,
आणखी लांब,
हात संपेपर्यंत.
"सर, दीड नंबर," मी म्हणते.
"बसतो का मी तुमच्या अटीत?"
नाही बसत. साठीपुढच्या, शिवणाऱ्या बायका.
ते हसतात, न वाचताच सही ठोकतात.
शिक्का उलटा पडतो.

पावती घेऊन आम्ही मेसकडं निघतो.
रेहान विचारतो, अकरा गुणिले एकशे पाच?
"दहा," मी म्हणते. "केवळाबाईचा एक आहे आपल्याकडं."
"मग हजार पन्नास."
तो खिसे चाचपत चालतो,
पुढचा, मागचा, परत पुढचा.
माझ्या ॲप्रनच्या कॉलरला
त्या दिवशीची सुई तशीच टोचलेली,
दोऱ्यासकट.
कुणाची होती, ते विचारायचं राहून गेलं.