सायकल तीन हजार

हिलाल नानांचा कॉम्प्युटर पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला
आणि मी त्यात लिनक्स टाकलं. सांगितलं नाही.
त्यांना हवं होतं ते एकच:
काळ्या पडद्यावर वर्डस्टार,
आणि ब्याण्णवपासून टिपलेले अहिराणी शब्द,
इंग्रजी अक्षरांत, कारण मराठीचं कार्ड
तेव्हा अमळनेरात फक्त मिलच्या ऑफिसात होतं.

डॉसबॉक्स उघडला. एक फोल्डर सी म्हणून जोडून दिला.
फायली आल्या, वेळेसकट:
अकरा ऑगस्ट, रात्री पावणेदोन.
लाइट तेव्हाच यायची.

नानांनी खालचा बाण दाबला
आणि दहा वर्षांची पानं भसाभस घसरली.
"इतलं काबर पयस रे ते?"

मी सायकल कमी करत गेलो.
हाच शब्द आहे तिथे, सायकल.
वीस हजार, दहा, तीन.
तीनवर नाना म्हणाले, थांब.
कोर्टात टायपिंगला जायचे
ती हीच चाल, बोरीच्या पुलावरून, चेन करकरत.

मग एकदम गप्प.
कंट्रोल, क्यू, एफ. बोटांनी न बघता.
पयनं.
सापडला नाही.
एवढ्या वर्षांत हा शब्द राहूनच गेला होता,
रोज तोंडात असून.

त्यांनी तो टाइप केला. पुढे लिहिलं, पळणे.
कंट्रोल, के, डी.

"आंडोर सांगे, तू काही नवं टाकं. कोठे शे ते?"
"खाले शे, नाना. सगळ्याच्या खाले."
"मंग निजू दे त्याले,"
म्हणाले, आणि चालू मॉनिटरवर
टॉवेल टाकला.