शेऱ्याचा रकाना

प्रगतिपुस्तकात शेवटी एक रकाना असतो,
बोटभर रुंद.
वर्षभराचं मूल त्यात मावलं पाहिजे.

यतीश गावस, इयत्ता तिसरी.
मागल्या बाईंनी लिहून ठेवलंय, 'लक्ष नसते.'
नसतं कसं?
कौलांवर माकड उतरलं तर आधी त्यालाच कळतं,
आणि रस्त्यावर मोटारसायकल थांबली
की त्याची पेन्सिल थांबते.
हप्तेवाला काळी बॅग घेऊन येतो, म्हणाला,
आई मागच्या दारी जाते
आणि मी सांगतो, घरात कोण ना.

वजाबाकीला मी आंबे दिले होते.
दहा आंबे, चार विकले, उरले किती?
त्यानं आंबे खोडून चाकं केली.
उत्तर सहा. बरोबर.
खाली एक ओळ जास्तीची:
'पण ट्रक दगडांवर आहे.'
जास्तीच्या ओळीला गुण नसतात.

ट्रक मी पाहिलाय.
डिचोलीकडे वळायच्या आधी, फणसाखाली,
टपावर 'आई केळबाय प्रसन्न'.
खाण बंद झाली तेव्हा यतीश रांगत होता.
केबिनमध्ये त्याचं दप्तर, एक उशी,
प्लास्टिकचे दोन डायनासोर.
घरात आवाज चढले की इथं येऊन
तो काच वर घेतो.
बाप दुपारी मागच्या हौद्यात निजतो,
राहिलेल्या लाल भुकटीवर गोणपाट टाकून.
आई काजूच्या कारखान्यात.
डिंकतेलानं तिच्या बोटांचे ठसे गेले,
रेशनचं यंत्र तिला ओळखत नाही.
यतीश ओळखतो, अंधारात, वासावरून.

शाळेत पावभाजी येते.
एक पाव तो खातो, एक खिशात घालतो.
मी पाहत नाही असं पाहते.

आता माझं सांगते, रकान्यात ते बसायचं नाही.
मी त्याच खाणीच्या पैशाची मुलगी.
बाबा वजनकाट्यावर कारकून.
भरलेला ट्रक मोजायचे, रिकामा मोजायचे,
आणि महिन्याच्या शेवटी
मधल्या फरकातला चिमूटभर घरी आणायचे.
परीक्षा आली की आई रेडिओ बंद करायची,
बाबा रात्रपाळीहून चपला हातात घेऊन आत यायचे.
माझ्या पुस्तकात दरवर्षी एकच शेरा:
'उपजत हुशार.'
उपजत!

आमच्या खालच्या अंगाला सगुण मळीकाचं शेत.
ज्या वर्षी खाणीचा चिखल त्यात उतरला
त्या वर्षी त्याची वासंती शाळेतून उतरली.
पाढे तिचे माझ्याहून पक्के होते,
एकोणिसाचा पाढा मी तिच्याकडून शिकले.
तिचा शेरा: 'सतत गैरहजर.'
चाळीस वर्षांनी हे मी कुणाच्या पुस्तकात दुरुस्त करू?

गेल्या सोमवारी क्रेन आली.
ट्रक भंगारात गेला.
खाली ट्रकएवढं गवत उरलं,
पिवळं, आडवं पडलेलं,
चारी बाजूंनी हिरव्यानं आखलेलं.
मंगळवारी यतीश आला नाही.
बुधवारी आला. शेवटच्या बाकावर
ओठ मिटून पहिला गिअर, दुसरा,
मग चढण, घशातल्या घशात.
धनश्री उभी राहिली, बाई, हा आवाज करतो.
करू दे, म्हटलं, घाट लागलाय.

आज पुस्तकं भरून द्यायची.
उंची एकशे अठरा,
गेल्या जूनपेक्षा चार सेंटीमीटर जास्त.
कशावर वाढला, ते विचारणारा रकाना नाही.
'लक्ष नसते'च्या खालच्या ओळीत
मी लिहिते, 'लक्ष असते',
आणि कशाकशावर
हे लिहायला जागा उरते का
बोट ठेवून बघते.