जिथे पीस नाही

आधी तुऱ्यावर एक दाणा आला,
मोहरीएवढा.
वाटलं, भांडणात टोचलं असेल कुणी.
मग चार झाले, मग डोळ्याच्या कडेला,
आणि रविवारपर्यंत
पापणी शिवून टाकल्यासारखी.

पशुसखी आली, प्रगती कांदळगावकर,
स्कूटी वाळूत रुतली तशीच सोडून.
त्याची चोच उघडली, आत बॅटरी मारली.
"घसो साफ आसा. जगात.
औषध नाय ह्येका. देवी ती.
पाणी खंय साठलाहा, ता आदी बघा."

तळाशीलात पाणी कुठे नाही?
इकडे खाडी, तिकडे समुद्र,
मध्ये आमची रेतीची पट्टी.
पण डासाला हवं गोडं आणि उभं.
करवंट्या पालथ्या केल्या. टायर ओढून काढला.
शेवटी ह्यांची जुनी होडी,
निळ्या प्लास्टिकखाली झाकलेली.
तळाला वीतभर पाऊस,
आणि पाऊस वळवळत होता.

ह्याच माणसासाठी मी बोलले होते.
श्रावणात ट्रॉलर तीन दिवस लागला नाही फोनला,
तेव्हा राखणदाराला
ह्याच कोंबड्याकडे बोट दाखवून.
हे आले. दाढी वाढलेली, भूक लागलेली.
दिराच्या मदतीनं मी होडी कलती केली.
ह्यांना काही बोलले नाही.

डास पिसांच्या वाटेला जात नाही.
तुरा, गळ्याखालची लाल लोंब, पापणी,
जिथे पीस नाही तिथेच बसतो.
सहा तलंगांना पंखाच्या पडद्यात टोचलं,
दोन दातांची सुई.
सासरे बघत होते,
दंडावरचे आपले दोन वाटोळे वण खाजवत.
आठवड्यानं ती परत आली, पंख उलटून बघायला.
गाठ आली असेल तर बरं, म्हणाली.
सहाही जणींना आली होती.

त्याला मी कण्या भिजवून भरवल्या,
कोमट मिठाच्या पाण्यानं डोळा पुसला.
खपली ओढायची नाही, गळू द्यायची.
गळली तेव्हा एकच डोळा उघडला.

"काणो कोंबो चलाचो नाय राखणेक,"
घाडी म्हणाले.
मग मालवणच्या बाजारातून दुसरा आणला,
पाय बांधलेला, धडधाकट.
पिशवीतून सगळ्या वाटेनं
तो माझ्याकडे बघत होता,
दोन्ही डोळ्यांनी.

आमच्याचा समुद्राकडचा डोळा गेला.
खाडीकडचा शाबूत आहे,
आणि सूर्य खाडीकडून येतो,
म्हणून पहाट त्याची चुकत नाही.
संध्याकाळ मात्र कळत नाही त्याला.
तलंगा खुराड्यात जाऊन बसतात,
हा अंगणात उभा, मान वाकडी करून.
काळोखात मुरकुटं कानाशी येतात.
मी बाह्या खाली ओढते,
त्याला उचलते,
आणि आत नेईपर्यंत
तळहात त्याच्या डोक्यावर धरून ठेवते.